अर्ध्या मुक्या घंटा

२४ जून २०१६, शुक्रवार

जिंकलो! पहाटे रेडिओवर आकडे ऐकले आणि पायजम्यातच बागेत गेलो. शेजारच्या मांजरीशिवाय कोणी जागं नव्हतं, तेव्हा तिलाच सांगितलं. जन्मभर मी या पाणथळ मुलखाचे पंप चालवले. कालव्यात पाणी किती ठेवायचं, गाळ कुठे टाकायचा, हे सगळं ब्रसेल्समधला कुणी टाय लावलेला ठरवणार आणि आम्ही मान डोलावणार. मला कधी कोणी एका शब्दाने विचारलं नाही. काल पहिल्यांदा विचारलं आणि मी सांगितलं, युरोपातून बाहेर पडा.

आमच्या घरची दोन्ही मतं तिकडेच. ब्रेंडाला मीच गाडीतून नेलं आणि वाटेत पुन्हा सगळं समजावलं. ती ‘हं’ म्हणाली. ब्रेंडा फार बोलत नाही, पण तिचं मौन म्हणजे होकार, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात मला कळतं.

आज संध्याकाळी चर्चच्या घंटा वाजवाव्यात असं मनात आलं. आमच्या स्किर्नबी गावच्या सहा घंटांचा मी कॅप्टन, मी म्हटलं की वाजतात. पण सहा घंटांना सहा माणसं लागतात, म्हणून आधी क्लाइव्हला फोन केला. पाचवी घंटा त्याची, सहावी सगळ्यात जड ती माझी. अकराव्या वर्षी आम्ही दोघं त्या मनोऱ्यात एकदमच शिकायला गेलो आणि आजतागायत शेजारी शेजारी उभे राहतो.

‘‘कोणाचं लग्न आहे?’’ त्याने विचारलं.

‘‘अरे, देशाचा वाढदिवस आहे लेका!’’

‘‘मग केक खा,’’ म्हणाला आणि फोन आपटला. जनावरांचा डॉक्टर तो, माणसांशी बोलायची रीत त्याला कधी जमलीच नाही.

२८ जून २०१६, मंगळवार

आज सरावाचा दिवस. सहाही जण आले, पण मनोऱ्यातल्या दोऱ्यांच्या खोलीत कोणी कोणाकडे बघेना. पहिल्या घंटेवर दनूता. ही पोलंडची. कोबी-फुलकोबीच्या पॅकिंग शेडवर मुकादम आहे. दोरी धरायला मीच शिकवलं तिला, आणि आता असा स्वच्छ हात आहे तिचा की बघत राहावं. पहिल्या घंटेवाल्याने सगळ्यांना इशारा द्यायचा असतो. ती तिच्या त्या गोल बोलीत म्हणते, ‘‘सांभाळा... निघाली... गेली!’’ आणि घंटा सुरू होतात. आज म्हणाली खरी, पण आवाजात जीव नव्हता.

नंतर जिन्यात थांबवून विचारलं, काय झालं गं? म्हणाली, ‘‘शेडवर एकाने विचारलं, बॅग कधी भरणार?’’

‘‘कोण तो? नाव सांग, बघतोच त्याच्याकडे.’’

‘‘एक असता तर सांगितलं असतं, मिस्टर थ्रॉस्बी.’’

मी तिला नीट सांगितलं की हे मत तिच्याविरुद्ध नव्हतंच, ती आमचीच आहे. तिने ऐकून घेतलं आणि कोटाची बटणं लावत खाली गेली. समजूतदार आहे पोरगी.

क्लाइव्ह मागून उतरत होता. म्हणाला, ‘‘डेस, तू म्हणजे गायीच्या पायावर पाय देऊन गायीलाच सांगणारा माणूस, की तुझ्याविरुद्ध काही नाही हं.’’ हरलेल्या माणसाला थोडं बोलू द्यावं.

२९ मार्च २०१९, शुक्रवार

आज बाहेर पडायचं होतं. तारीख ठरली होती, कायदा झाला होता. मी सगळ्या दोऱ्या तपासल्या, ब्रेंडाने मनुकांचा पाव भाजून ठेवला. आणि लंडनच्या मंडळींनी काय केलं? पुढे ढकललं! पावणेतीन वर्षं नुसता घोळ. आम्हाला विचारलं, आम्ही उत्तर दिलं, आणि आता यांना ते उत्तर आवडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा प्रश्न वाचताहेत. माणसाला मूर्ख ठरवायची हीही एक रीत आहे.

पाव मी एकट्यानेच खाल्ला. ब्रेंडाला भूक नव्हती.

३१ ऑक्टोबर २०१९, गुरुवार

आज दुसरी तारीख होती. तीही गेली. लबाड, एकजात लबाड. यापुढे लिहिलं तर शिव्याच लिहीन, म्हणून इथेच थांबतो.

१० नोव्हेंबर २०१९, रविवार

युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचा रविवार. आज घंटा अर्ध्या मुक्या करायच्या असतात. लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी पट्ट्याने आवळायची. मग घंटा एका फेरीत खणखणीत वाजते आणि परतीच्या फेरीत तिचाच आवाज लांबून, डोंगराआडून आल्यासारखा येतो. गावात कोणी गेलं की असंच वाजवतो. लहानपणापासून ऐकतोय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

या गाद्या बांधायचं काम पहिल्यापासून ब्रेंडाचं. ती चणीने बारीक, घंटेखाली सहज शिरते. पण तिच्या गुडघ्यांनी या वर्षी दगा दिला. घंटांच्या माळ्यावर उभी लोखंडी शिडी आहे, डॉक्टरने शिडीचं नावही काढू नको म्हणून बजावलंय. तेव्हा मी आणि चौथ्या घंटेवरचा ट्रेवर खाटीक, दोघे वर घुसलो. कपडे ग्रीसने काळे झाले, ट्रेवरने डोकं आपटून घेतलं, आणि एवढं करून माझ्या घंटेची गादी उलट्या बाजूला बांधली! जायची फेरी मुकी, यायची खणखणीत. भर प्रार्थनेला शोभा झाली. ब्रेंडा तिसऱ्या घंटेवरून नुसती बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, ‘‘गादी भिंतीकडे, डेस. किती वर्षं सांगतेय.’’ हे तिच्याशिवाय कोणाला कधी जमलं नाही. क्लाइव्हने एकदा प्रयत्न केला होता, तो तर पट्टाच तोडून आला.

२१ जानेवारी २०२०, मंगळवार

अखेर ठरलं. एकतीस तारखेला बाहेर! यावेळी नक्की. रात्री अकराला सुटतोय, तर अकरालाच घंटा हव्यात असं मी म्हटलं. पाद्रीणबाई फिलिपा म्हणाल्या, ‘‘डेस्मंड, रात्री अकराला लहान मुलं झोपलेली असतात आणि मोठी माणसं प्यायलेली. मला चर्चच्या दारात मारामारी नको.’’ बरीच घासाघीस झाली. शेवटी, दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी बाराला वाजवा, आणि ज्याला जे वाटेल ते वाटू द्या, असं ठरलं.

आता माणसं. क्लाइव्ह, दनूता आणि दुसऱ्या घंटेवरची पॉपी मास्तरीण ही तिघं नाही म्हणणार, याची मला खात्री होती. पाचच आले तर पाच घंटा सलग वाजवायच्या, आलेल्या माणसांनी सरकून जागा भरायची, मध्ये भोक ठेवायचं नाही, हा माझा जुना नियम. पण तीन माणसांत काय वाजवणार? कपाळ?

मी विचारलं. क्लाइव्हने ब्रेंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘वाजवू,’’ म्हणाला. ‘‘सहाही जण. एकदा नीट वाजवू, डेस.’’

माझा कानावर विश्वास बसेना. डावा कान तसा अधूच आहे, म्हणून पुन्हा विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘वाजवू म्हटलं ना, बहिऱ्या.’’ दनूतानेही मान हलवली, पॉपीनेही. खरं सांगतो, मला भरून आलं. साडेतीन वर्षं त्याने माझ्याबरोबर पबमध्ये ग्लास उचलला नव्हता. माणूस वाईट नाहीच मुळी, हट्टी आहे. दोस्ती अशी तुटत नसते.

३१ जानेवारी २०२०, शुक्रवार

आज रात्री सुटणार. दिवसभर घरभर फिरलो. ब्रेंडा जेवण झाल्यावर चर्चमध्ये फुलं लावायला म्हणून गेली ती पार अंधार पडल्यावर आली. चालवत नव्हतं बिचारीला. गुडघे टम्म सुजलेले, नखं काळीकुट्ट. म्हणाली, पितळ घासायचं होतं. मी म्हटलं, अगं, उद्या उभं राहायचंय तुला, आज कशाला पितळ? खुर्चीत बसवून मी स्वतः मलम चोळलं. डावा गुडघा जास्त दुखतो. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. असं तिने कित्येक दिवसांत केलं नव्हतं. तिलाही आनंद झालाय, पण ही बाई दाखवेल तर शपथ.

१ फेब्रुवारी २०२०, शनिवार

आज काहीच लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो, नाहीतर झोप लागणार नाही.

पावणेबाराला सगळे जमले. बाहेर चर्चच्या फाटकाशी बरीच माणसं. कोणी झेंडे आणलेले, कोणी नुसतंच बघायला. घंटा आधी झोके देत देत उलट्या तोंडाने वर उभ्या कराव्या लागतात, मग खरं वाजवणं सुरू. दनूता म्हणाली, ‘‘सांभाळा... निघाली... गेली!’’ आणि आम्ही ओढायला लागलो.

दोन-चार झोक्यांतच मला काहीतरी वेगळं लागलं. आधी वाटलं, माझाच कान. मग परतीचा आवाज आला, मऊ, लांबून. मुकी बांधली होती! माझी घंटा मुकी, पाचवी मुकी, सहाच्या सहा अर्ध्या मुक्या! माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवशी कोणीतरी मयताच्या घंटा बांधून ठेवल्या होत्या.

मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. एकाच्याही चेहऱ्यावर रेषा हलली नाही. ब्रेंडा खाली मान घालून दोरी बघत होती. क्लाइव्ह समोर बघत होता. ‘थांबा’ एवढा एक शब्द मी बोललो असतो तर सगळे थांबले असते. मी का बोललो नाही, मला माहीत नाही. फाटकाशी माणसं होती, घंटा थांबवून शोभा कुठे करायची, असं तेव्हा मनाशी म्हटलं. पण ते खरं नाही, कारण शोभा तर होतच होती. खरं म्हणजे आम्ही वाजवत होतो ते सुरेख होतं. तीन वर्षं एकमेकांशी धड न बोललेली सहा माणसं, आणि एकही ठोका इकडचा तिकडे नाही. इतकं चांगलं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि ते रागाचंच होतं.

खाली उतरलो तर झेंडेवाले गप्प. दोघा-तिघांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. म्हाताऱ्या मिसेस ऑग्डन, ज्यांना आज काय आहे हेसुद्धा माहीत नसावं, काठी टेकत आल्या आणि माझी बाही धरून म्हणाल्या, ‘‘डेस्मंड, कोण गेलं रे?’’

‘‘कोणी गेलेलं नाही!’’ मी ओरडलो. त्या घाबरून मागे सरल्या. म्हाताऱ्या बाईवर ओरडलो, हीच काय ती आजची कमाई.

पबमध्ये क्लाइव्ह कोपऱ्यात बसला होता. मी सरळ त्याच्यासमोर उभा राहिलो. ‘‘तू केलंस.’’

त्याने हातातला ग्लास खाली ठेवला.

‘‘म्हणून एवढा गोड झाला होतास! ‘एकदा नीट वाजवू, डेस!’ अरे, मला वाटलं माझा मित्र परत आला. आणि तू आधीच माझी तिरडी बांधून ठेवली होतीस.’’

ट्रेवर म्हणाला, ‘‘कॅप्टन, जाऊ द्या हो...’’ मी त्याला गप्प केलं. ब्रेंडा खुर्चीतून उठायला लागली. क्लाइव्हने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. मग मला म्हणाला, ‘‘बरं. मी केलं असं धर.’’

‘‘धर काय? बोल सरळ!’’

‘‘मी केलं, डेस.’’

‘‘मग मनोऱ्याची किल्ली ठेव इथे. पुन्हा त्या जिन्यावर पाय ठेवू नकोस.’’

त्याने किल्ली ग्लासशेजारी ठेवली. त्याच्या वडिलांच्या हाताची चामड्याची वादी आहे तिला. कोट घातला, ब्रेंडाच्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. साठ वर्षांची दोस्ती. लंडनवाल्यांनी दगा दिला तो सोसला, ते परके. हा आपला होता.

बांधली मात्र होती सुरेख. संध्याकाळी वर जाऊन सोडली तेव्हा बघितलं, एकूण एक गादी भिंतीकडे.

४ फेब्रुवारी २०२०, मंगळवार

सरावाला पाच जण. नियमाप्रमाणे सरकून सलग वाजवलं. सरकल्यावर पहिली दोरी मोकळी पडली, ती गाठ मारून वर खुंटीला अडकवली. दनूताने विचारलं, ‘‘त्यांना परत बोलावणार नाही?’’ मी म्हटलं, मी गेल्यावर बोलवा.

घरी ब्रेंडा दोनदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मग चहा टाकायला गेली. तिलाही धक्का बसलाय. क्लाइव्ह तिचाही मित्र होता.

२८ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार

आता कळलं! क्लाइव्ह घर विकून फ्रान्सला निघाला. तिकडच्या ब्रिटनी प्रांतात त्याची लेक असते, तिच्याकडे कायमचा. या वर्षाच्या आत गेलं तर जुन्या नियमांनी राहता येतं म्हणे, नंतर कटकट. ट्रेवरच्या दुकानात सॉसेज घ्यायला उभा होतो तिथे कळलं, म्हणजे गावाला माहीत होतं, एक मी सोडून. ट्रेवर म्हणाला, ‘‘ख्रिसमसच्या आधीच ठरलं होतं, कॅप्टन.’’

ख्रिसमसच्या आधी! म्हणजे जायचं ठरलेलंच होतं. जाता जाता माझ्या तोंडाला काळं फासून गेला. दोन मैलांवरच्या शेतात जन्मला, याच मातीत त्याच्या आईबापांच्या कबरी आहेत, आणि पळतोय परक्या देशात. जाऊ दे. जा म्हणावं.

ट्रेवरने सॉसेजचे पैसे घेतले नाहीत. का कोण जाणे.

७ मार्च २०२०, शनिवार

क्लाइव्हच्या सामानाची गाडी सकाळी आली. ब्रेंडा कोट घालून निघाली. मी म्हटलं, मी येणार नाही. ती म्हणाली, ‘‘मी तुला विचारलेलंच नाही.’’

दुपारी आली. कोट काढला नाही, तशीच स्वयंपाकघरात उभी राहिली.

‘‘मुकी मी बांधली होती,’’ ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काय बांधली?

‘‘घंटा. एकतीस तारखेला. शिडी चढून, सहाच्या सहा. तू संध्याकाळी गुडघ्यांना मलम चोळलंस.’’

काखेत कळसा म्हणतात तो असा. मी खाली बसलो.

‘‘मग त्याने का सांगितलं, मी केलं म्हणून?’’

‘‘मी उठले होते सांगायला. तो नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेले त्याच्याकडे, तर म्हणाला, ‘ब्रेंडा, मी जाणारच आहे. माझ्यावर राग राहिला तर काय बिघडलं? तुला त्याच्याबरोबर एका घरात राहायचंय.’ म्हणाला, मी गेल्यावर सांग, किंवा सांगूच नकोस.’’

‘‘माझं हसं केलंस तू. गावासमोर.’’

‘‘हसं नव्हतं रे ते.’’ तिचा आवाज चढला. तिचा चढलेला आवाज मी इतक्या वर्षांत कितीदा ऐकला असेन, बोटावर मोजण्याइतका. ‘‘आपण सहा जण शेवटचं वाजवत होतो, डेस. तो चालला होता. शेवटचं कसं वाजवतात? त्याला मी एवढंच म्हटलं होतं की एकदा सहा जण उभे राहू दे. दुखवटा होता तो. गावात सगळ्यांना कळला.’’

‘‘आणि बाहेर पडलो त्याचं काय? ते तुला काहीच नव्हतं? तूसुद्धा मत दिलं होतंस!’’

‘‘दिलं होतं. तू कधी विचारलंस कुठे दिलं? गाडीत बसवलंस, काय करायचं ते सांगितलंस, दाराशी माझी पर्स धरून उभा राहिलास. आत पेन्सिल माझ्या हातात होती.’’

मग तिने कोट काढला आणि बटाटे सोलायला घेतले. मी बागेत गेलो. मांजर होती. तिला सांगण्यासारखं काही नव्हतं.

१० मार्च २०२०, मंगळवार

घरात बोलणं बंद. मीठ दे, एवढंसुद्धा नाही. मी उठून घेतो. वर कपाटातली मलमाची नळी मला दिसते आणि मी बघत नाही. मत दिलं ते दिलं, पण तेव्हापासून रोज माझ्यासमोर बसून माझी बडबड ऐकत राहिली, ‘हं’ म्हणत राहिली, हे मला जास्त लागलंय. शत्रूने समोरून येऊन मारावं. उशीवर शेजारी डोकं ठेवणाऱ्याने काय असं करावं?

सरावाला गेलो. दनूता आधीच आली होती. मी तिला विचारलं, मुकी ब्रेंडाने बांधली हे तुला माहीत होतं?

‘‘हो.’’

‘‘पॉपीला? ट्रेवरला?’’

‘‘सगळ्यांना.’’

‘‘ट्रेवरने माझ्यासारखंच मत दिलं होतं!’’

‘‘तो म्हणाला, मत दिलं म्हणून क्लाइव्ह जायला नको होता.’’ ती दोरी हातात घेऊन उभी होती. ‘‘मिस्टर थ्रॉस्बी, तुम्हाला फसवलं असं तुम्हाला वाटतंय. वाटणारच. मला त्या वर्षी तसंच वाटलं होतं, जिन्यात.’’

‘‘मी तुला सांगितलं होतं की तुझ्याविरुद्ध नाही म्हणून.’’

‘‘सांगितलं होतंत. मग मला सरकारला फोनवरून माझ्या तोंडाचा फोटो पाठवून विचारावं लागलं, मी इथे राहू का? इतकी वर्षं राहिल्यावर. त्या आठवड्यातसुद्धा मी मंगळवारी आले.’’

‘‘का आलीस मग?’’

‘‘पाचच जण झाले असते. तुम्ही सरकून जागा भरली असती. मी नव्हते असं कोणाला कळलंच नसतं.’’

पुढे सराव झाला. मी दोनदा चुकलो.

१५ मार्च २०२०, रविवार

मंगळवारपासून दनूताचंच बोलणं डोक्यात आहे. राग गेलेला नाही, हे आधी लिहून ठेवतो. क्लाइव्हवर तर वेगळाच राग आहे. माझी शिवी अंगावर घेऊन निघून गेला. उलट बोलला असता, दोन दिल्या असत्या, तर आज माझ्याकडे काहीतरी असतं. मेला मला ऋणात ठेवून गेला.

सकाळी प्रार्थनेच्या आधी वर गेलो. पहिल्या दोरीची गाठ सोडली आणि दोरी तिच्या जागी खाली लोंबती ठेवली. बाकीचे आले. नेहमीप्रमाणे ट्रेवर सरकायला लागला. मी म्हटलं, ‘‘सरकू नका. आपापल्या जागी. पाचवी मोकळी राहू द्या.’’

‘‘भोक पडेल, कॅप्टन.’’

‘‘पडू दे.’’

ब्रेंडाने आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

दनूता म्हणाली, ‘‘सांभाळा... निघाली... गेली!’’ पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मग काही नाही. मग माझी. फार अवघड असतं हे. हाताला सवय असते शेजारचा ठोका ऐकून ओढायची. इथे न वाजलेल्या ठोक्याची वाट बघायची, तो संपेपर्यंत थांबायचं, आणि मग ओढायचं. पहिल्या काही फेऱ्यांत मी घाई केली. नंतर जमलं. मला त्याचा हात दिसत होता, डावा खांदा जरा वर उचलून ओढायची ती त्याची खोड. प्रत्येक फेरीला तो तिथे होता आणि प्रत्येक फेरीला वाजत नव्हता. आज मुकी कोणी बांधली नव्हती. तरी बाकीच्या चौघांचे डोळे ओले होते, माझ्याबद्दल विचारू नका.

खाली उतरताना ब्रेंडाला जिना जमेना. मी पुढे होऊन हात दिला. तिने तो धरला, पण आम्ही बोललो नाही.

दाराशी मिसेस ऑग्डन बसल्या होत्या. मागच्या वेळी ओरडलो होतो म्हणून मीच वाकून सुप्रभात म्हटलं. त्या जरा बिचकतच म्हणाल्या, ‘‘डेस्मंड, आज मध्ये एक घंटा राहत होती. मी मोजलं. कोण गेलं?’’

‘‘क्लाइव्ह गेला,’’ मी म्हणालो.

‘‘अरे देवा! आपला क्लाइव्ह? चांगला धडधाकट होता की रे!’’ त्यांनी छातीवर हात ठेवला. ‘‘कशाने गेला?’’

ब्रेंडाचा हात अजून माझ्या हातात होता. तिने तो काढून घेतला नाही, आणि माझ्या मदतीलाही आली नाही. दोघीही माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.